आत्याचा ब्रह्मदेश

दुसऱ्या महायुद्धात आमच्या उमापूरच्या पारावर जेवढी धुमश्चक्री झाली, तेवढी खुद्द ब्रह्मदेशातही झाली नसेल. ती लढाई एकटी माझी आत्या लढवी. गावात रेडिओ एकच, आमच्या वडिलांच्या बैठकीत. पुरुषांत कसं बसायचं, म्हणून आत्या दाराआड बसे. बातम्या उर्दूत, निजामाच्या शाळेत उर्दू शिकलेला मी त्या तिला मराठीत सांगे. मग ती पदर खोचून पारावर जाई आणि सगळं नुकतंच पाहून आल्यासारखं सांगे. तोफ उडाली की स्वतः मटकन खाली बसे. कुणीतरी विचारलं, "आत्याबाई, तुमी कशापायी बसता?" तर म्हणाली, "गोळी काय तुला इचारून येती व्हय रं?" रंगून किती लांब, असं विचारलं तर, "लई न्हाई. अंबाजोगाईला देवीला जाऊन यावं, तेवढंच." गोऱ्या साहेबाच्या मिशा, कुठल्या शिपायाचं पोट बिघडलं, हे रेडिओला ठाऊक नसलेलंही तिला ठाऊक असे.

ऐकणाऱ्यांत सगळ्यांत पुढे रखमा धनगरीण बसे. तिचा एकुलता एक लेक त्या लढाईवर होता.

एकदा वडील परगावी असताना गाणी ऐकून ऐकून मी रेडिओची बॅटरी संपवली. ती भरून आणायला बीडला पाठवावी लागे. आत्या स्वयंपाक आटपून आली, "आज काय झालं रं?" म्हणाली. खरं सांगायची लाज वाटली. मी ठोकून दिलं, "लढाई संपली."

आत्यानं ते लगेच पारावर सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून रखमा मेंढरं घेऊन गेवराईच्या रस्त्यालाच बसू लागली. फडक्यात लेकासाठी एक भाकरी जास्तीची. आठ दिवस मी ते येताजाता पाहिलं. नवव्या दिवशी आत्याला सगळं सांगितलं. तिनं खोचलेला पदर सोडला. मग पारावर गेली.

"रखमे, लढाई चालूच हाय. मी मनानं सांगितलं."

"पर तुमी तर तिथं गेलत्या ना?"

"न्हाई गं बाई. मी गेवराईच्या पल्याड कंदी गेलेच न्हाई."

सगळे हसले. रखमा हसली नाही. मी गर्दीत मागे उभा होतो; तोंड उघडलं नाही.

त्यानंतर आत्या पारावर बोलली नाही. पुढे रखमाचा लेक परत आला, पाया पडायला आमच्या घरी आला. मागोमाग गाव जमलं. लोक म्हणाले, "आत्याबाई, आता तरी लढाईचं सांगा."

"त्यो आलाय की," ती म्हणाली, "त्यालाच इचारा." आणि दाराआड जाऊन ऐकत बसली. मी तिच्या शेजारीच होतो. तेव्हाही गप्पच राहिलो.