पिशवीची झडती

अ‍ॅम्प्लिफायरचा फ्यूज उडाला आणि अ‍ॅम्प्लिफायर उघडायच्या आधी मी एका म्हाताऱ्याला त्याची पिशवी उघडायला लावली.

गाव माझ्या सासरवाडीचं, गेवराईजवळचं. तिथल्या सप्त्याला माईक वर्षानुवर्षं हाच म्हातारा लावायचा. यंदा सासऱ्यांनी बैठकीत शब्द टाकला, 'आमच्या जावयाचा सेट लावा,' आणि काम माझ्याकडं आलं. म्हातारा काही बोलला नाही. नुसता येऊन मंडपाच्या खांबाला टेकून बसला, पिशवी मांडीवर. न बोलणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून वहीम.

दुपारी चाचणीला 'हॅलो' म्हणालो आणि फ्यूज गेला. दुसरा घातला, तोही गेला. काचेची नळी आतून काळी झालेली. नुसती तार मधे वितळली तर भार जास्त झाला असं समजायचं. काच काळी पडली म्हणजे कुठंतरी शॉर्ट आहे. हे मला येत होतं. पण डोकं शॉर्टकडं जायच्या ऐवजी खांबाकडं गेलं.

पिशवीत निघालं काय, तर चष्म्याचं घर, अडकित्ता आणि अर्धी भाकरी.

"भाकरीबी मोडून बघा, पाव्हणं," म्हातारा म्हणाला.

सासरे खाली वाकून सतरंजी सरळ करायला लागले. ती सरळच होती. हरिपाठापर्यंत आवाज आला नाही तर म्हाताऱ्याचा सेट परत आणायचा, असं मंडळींनी तोंडावर सांगून टाकलं होतं. मग सासऱ्यांच्या शब्दाला गावात कोण विचारणार?

शेवटी मी सिरीज बल्ब काढला. होल्डरमधला साधा शंभर वॅटचा बल्ब, अ‍ॅम्प्लिफायरकडं जाणाऱ्या करंटच्या वाटेत जोडायचा. शॉर्ट असला तर तो लख्ख पेटतो आणि फ्यूज वाचतो. सगळे स्पीकर सोडवून मशीन चालू केलं. बल्ब क्षणभर पेटून मंदावला, 'हॅलो'लाही हलला नाही. म्हणजे मशीन ठीक. मग एकेक वायर जोडत गेलो. देवळावरच्या भोंग्याची वायर लावून 'हॅलो' म्हणालो आणि बल्ब लख्ख.

आता तर खात्रीच पटली. वायरीत टाचणी खुपसून ठेवणं ही आमच्या धंद्यातली जुनी खोडी. आतल्या आत दोन्ही तारा एकमेकींना भिडतात आणि वरनं काही दिसत नाही. "चला, दाखवतो," म्हणत सगळ्यांना मागं घेऊन मी बोटांनी वायर चाचपत निघालो. म्हाताराही उठून आला. हा कशाला येतोय, याचाही मला संशय.

देवळाच्या पत्र्याखालच्या लाकडी दांड्यावर सापडलं. टाचणी नव्हती. चांगला दोन इंची खिळा, वायरीच्या मधोमध. म्हाताऱ्याचा हात पोचू नये म्हणून सकाळी शिडीवर चढून, वायर आडोशाला दडवून मीच ठोकलेला. शिडी सासऱ्यांनी धरली होती. ते खिळ्याकडं बघत होते, मी पत्र्याकडं.

खिळा उपटला, चिकटपट्टी गुंडाळली, शेवटचा फ्यूज घातला. टाळ वाजायच्या आत आवाज लागला.

सासरे म्हाताऱ्यापुढं हात जोडून म्हणाले, "उगंच तुमच्यावर आळ आला, बापू."

"आळाचं काय न्हाई," म्हातारा पिशवी उचलत म्हणाला. "पण म्या कशापायी मोडतोड करू? तुमचा जावई हाय की त्याला."