तारेवरच्या शेवया

माझे सासरे, म्हणजे मामाजी, शहाऐंशी वर्षांचे. रेडिओ सोडला तर कुणाचंही ऐकत नाहीत. हिवरखेडहून अकोल्याला जठारपेठेत आमच्याकडे राहायला आले तेव्हा त्यांनी स्वतःच्या म्हणून दोनच वस्तू आणल्या, काठी आणि शॉर्टवेव्हचा रेडिओ. परदेशातल्या एका स्टेशनाचा हिंदी कार्यक्रम ते तरुणपणापासून ऐकत आलेले. एकदा त्या लोकांनी मामाजींचं पत्र वाचून दाखवलं होतं, गावाच्या नावासकट. "साऱ्या दुनियेनं हिवरखेड आयकलं," हे वाक्य मी अमरावतीहून सून म्हणून आले तेव्हापासून ऐकते आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्याच रेडिओवर खरखरीतून कसंबसं कळलं, की मे महिना संपला की शॉर्टवेव्ह बंद. पुढे सगळं इंटरनेटवर.

"मामाजी, मोबाईलवर लावून देईन ना मी," मी म्हटलं.

"मोबाईलमंदी सारंच असते. त्याले काय आयकाचं? शेवटचा कार्यक्रम मी माह्या रेडिओवरच आयकीन. शब्द न् शब्द. तू सायन्सची मास्तरीण ना व? मंग लाव ना तार!"

दहावीला विज्ञान शिकवते मी. घरातच असं आव्हान मिळाल्यावर करता काय! मोटार रिवायंडिंगच्या दुकानातून तांब्याची तार आणली. अँटेना लांब हवी आणि आमची गच्ची दहा पावलांत संपते, म्हणून दुसरं टोक शेजारच्या भाभींच्या गच्चीवर न्यावं लागणार होतं. या भाभी ब्लाऊज शिवतात. त्यांची मशीन आणि जीभ, दोन्ही दिवसभर चालतात.

"बांधा ना मॅडम, टाकीच्या पाइपाले बांधा," त्या म्हणाल्या. विचारावं लागलं याचंच त्यांना नवल.

नायलॉनच्या दोरीनं टोक बांधलं, इकडचं टोक खिडकीतून आत घेऊन रेडिओच्या दांडीला क्लिपनं जोडलं. पहिल्या दिवशी काहीच आलं नाही, कारण तारेवरचा लेप खरवडायला सायन्सची मास्तरीण विसरली होती. मामाजी नुसते हसले. ते जास्त लागलं. दुसऱ्या दिवशी खरवडलं आणि निवेदिकेचा आवाज इतका साफ आला, की मामाजींनी दाराकडे पाहिलं. कोण आलं म्हणून!

पाच दिवस मजेत गेले. सहाव्या दिवशी पुन्हा खरखर. वर जाऊन बघते तर तारेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओल्या शेवया! वजनानं तार झोळीसारखी लोंबून लोखंडी कठड्याला घासत टेकलेली, म्हणून ती खरखर. मला असं हसू फुटलं, की मी वरूनच ओरडून सांगितलं. तिथंच चुकलं.

"माह्या अँटेनावर शेवया?" जिन्यातून मामाजींचा आवाज आला. "अक्कल गहाण ठेवली काय व तिनं?"

भाभी गच्चीवरच होत्या. "चाचा, माह्या गच्चीवर तुमची तार चालते, तं तुमच्या तारेवर माह्या शेवया काऊन नाई चालत?"

भाभींनी शेवया गोळा केल्या, दोरीची गाठ सोडली आणि तार आमच्या अंगणात येऊन पडली. शेवटच्या कार्यक्रमाला दोन दिवस उरले होते.

मी दोन्हीकडे चकरा मारल्या. भाभी म्हणाल्या, "तुमच्याशी काई नाई मॅडम. बोलले ते चाचा." मामाजी म्हणाले, "मी अन् माफी? सोड." दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी रेडिओ सुरूच केला नाही. मांडीवर घेऊन बसून राहिले. ताटातली भाकरी अर्धी तशीच. मला दोघांचाही राग आला आणि मामाजींकडे बघून वाईटही वाटलं.

शेवटच्या दिवशी दुपारी चार वाजता, अकोल्याच्या त्या उन्हात, मामाजींनी डोक्याला दुपट्टा गुंडाळला, काठी घेतली आणि शेजारच्या फाटकाकडे निघाले. महिनोन् महिने घराबाहेर न पडलेला माणूस! मी मागे धावले. भाभी मशीनवर होत्या. मामाजी उंबऱ्यापाशी थांबले. शहाऐंशी वर्षांत न शिकलेला शब्द आता तोंडातून निघतो की काय, म्हणून मी कान टवकारले.

"शेवया वाळल्या काय व पोरी?"

मशीन थांबली. "कायच्या वाळतात चाचा? खाली टाकल्या तं चिकटून गेल्या साऱ्या."

"मंग पुढच्या बारीले तारेवरच टाक. अजून खिचून बांधू आपण."

भाभी खळखळून हसल्या, ओढणी डोक्यावर घेतली आणि तशाच उन्हात तार बांधायला गच्चीवर पळाल्या.

संध्याकाळी कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी त्या आमच्याकडे आल्या. लग्नसराईचे ब्लाऊज तसेच ठेवून, मशीन, कूलर, इतकंच काय मेन स्विचही बंद करून. "माह्या घरातली खरखर नको चाचाले." मग मीही आमचा कूलर बंद केला. आम्ही तिघं घामानं निथळत बसलो. शब्द न् शब्द ऐकू आला. शेवटी निवेदिकेनं इतक्या वर्षांच्या सोबतीसाठी श्रोत्यांचे आभार मानले आणि नमस्कार म्हणाली. मामाजींनी रेडिओला हात जोडले. "नमस्कार, बाई." मग नुसती सूंऽऽ. मी रडले, भाभींनीही ओढणीनं डोळे पुसले. मामाजी बराच वेळ ती सूंऽऽ ऐकत राहिले आणि शेवटी त्यांनीच बटण बंद केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पक्कड घेऊन गच्चीकडे निघाले. रोज नजरेला पडली तर मामाजींना त्रास होईल, म्हणून तार काढून टाकणार होते. दोन पायऱ्या चढले असेन, मागून हाक आली.

"सोडू नको व ते. दोन पायलीच्या शेवया बाकी हायेत तिच्या."