आईचा उजवा गुडघा

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. घर बौद्ध, शिकवते जीवशास्त्र आणि पीएचडी नेमकी सांध्यांच्या कूर्चेवर. म्हणूनच हे लिहायला हात धजत नव्हता…

कूर्चा म्हणजे हाडांच्या टोकांवरची गुळगुळीत गादी. गर्भात सांधा घडताना पेशी आपल्याभोवती प्रथिनांची जाळी विणतात. कोलॅजेन ताण सोसतं, ॲग्रिकन पाणी धरून ठेवतं, मॅट्रिलिनसारखी छोटी प्रथिनं सगळं एकमेकांना बांधतात. मोठेपणी ही वीण पुन्हा होत नाही. झिजली की झिजली.

आई अंबडला असते, निवृत्त शिक्षिका. तिच्या उजव्या गुडघ्यात गादी उरलीच नव्हती – एक्स-रेत हाडाला हाड टेकलेलं. सांधा बदलायचं ठरलं. तेवढ्यात तिची धाकटी बहीण, तीर्थपुरीची कांतामावशी, शेतातच हार्ट अटॅकनं गेली. तिथं पोचल्यावर आईला मी आणि जीपवाल्यानं धरून उतरवलं.

मावशीच्या जलदानविधीच्या दुपारी अंगणात जेवणं चालली होती. आई मावशीच्या खोलीत एकटीच पडली होती. थोड्या वेळानं बघते तर ती सरळ माझ्याकडे चालत येतेय.

"आई, काठी कुठंय?"

"राह्यली आत." चेहरा पांढराफटक. "दुखत न्हाई गं आता."

मला वाटलं, दुःखात वेदना जाणवत नसेल. पण ती चालतच राहिली. ऑपरेशनआधी जालन्याला नवा एक्स-रे काढला – दोन हाडांमध्ये स्वच्छ फट! फिल्म बदलली असेल म्हणून डॉक्टरांनी पुन्हा काढला, मग एमआरआय केला. लहानपणी मोडलेल्या नडगीची खूण तीच, म्हणजे पाय आईचाच. कूर्चा मात्र विशीतल्या पोरीसारखी अखंड.

"असं होत नसतं, मॅडम. तुमचाच विषय आहे, तुम्ही सांगा," डॉक्टर म्हणाले.

मी जुनी आणि नवी फिल्म शेजारी शेजारी उजेडाला धरली.

परतताना गाडीत आई हळूच बोलली. "त्या दिवशी कांता आल्ती. खाटेवर बसली, गुडघ्यावर हात ठिवला. म्हणली, आक्का, मला आता कुठं चालायचंय? घे तू."

"स्वप्न पडलं असेल, आई."

"आसंल. मंग ह्या पायानं चालून कोण राह्यलंय?"

सोबतच्या संशोधकांना दोन्ही रिपोर्ट दाखवले. सगळ्यांनी आधी नाव आणि तारखाच तपासल्या. हल्ली आईचा डावा गुडघा कुरकुरतो. परवा म्हटलं, चल, त्याचाही एक्स-रे काढू.

तिनं डाव्या गुडघ्यावर पदर ओढला. "राहू दे. ह्यो माझा हाय… दुखू दे त्याला."