मुरीच्या मागे लेक, लेकीच्या मागे माय

भागिरथाबाईला पोहता येत नव्हतं आणि तिच्या लेकीलाही. तरी स्नेहा अडाण नदीत कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून मासे धरायची, पीएच.डी.साठी. धनज गावातल्या त्यांच्या घरात इतकं शिकणारी ती पहिलीच, म्हणून तिला अडवायची कुणाची हिंमत झाली नाही. भागिरथाबाईने एवढंच केलं, मजुरीचा रोज बुडवून तीही सोबत जाऊ लागली. काठावर बसायची आणि पदराचं टोक दातात धरून पाण्याकडे पाहत राहायची.

"माय, तू कायले येतं उन्हात?"

"मले घरी भेव लागते."

"अन् इथं?"

"इथंबी लागते. पन तू दिसतं तरी."

नदीच्या त्या वळणावर वरच्या अंगाला दगडांतून उसळत धावणारा खळाळ होता आणि खाली संथ डोह. दोन्हीकडे मुरी सापडायची, बोटाएवढा पट्ट्यापट्ट्यांचा मासा. एकदा स्नेहाने दोन मुऱ्या मायपुढे धरल्या. खळाळातली चपट्या पोटाची, रुंद परांची. डोहातली मात्र चांगली गुबगुबीत.

"आज दोघी एकाच जातीच्या हायेत," स्नेहा म्हणाली. "पन धारेत जिचं पोट चपटं तीच दगडाले धरून टिकते, तिचीच पिल्लं होतात. हजारो पिढ्या असंच चाललं अन् इकडच्या तिकडच्यांत मिसळल्याच नाही, तं दोन जाती होतीन."

"अन् धारेत गुबगुबीत निंगाली तं?"

"वाहून जाते."

बाकीचं किती कळलं कोण जाणे, पण हा शेवटचा शब्द भागिरथाबाईच्या छातीत रुतून बसला.

भादव्यातल्या एका दुपारी स्नेहा खळाळातल्या खडकाशी वाकून जाळी लावत होती. भागिरथाबाईच्या पायाशी पाणी गढूळ झालं. मग फेस आला, काटक्या आल्या. आत्तापर्यंत कोरडा असलेला दगड ओला झाला. नदीवर वरच्या अंगाला धरण होतं, त्याचं दार उघडलं होतं.

"पोरी, निंग बाहीर! पाणी वाढून राह्यलं!"

पाण्याच्या आवाजात स्नेहाला काही ऐकू गेलं नाही. तिने मान वर केली तेव्हा काठापर्यंत सगळी तांबडी धार झाली होती. ती खडकावर चढली आणि पालथी पडून त्याला बिलगली. भागिरथाबाई तशीच पाण्यात शिरली. गुडघ्याच्या वर पाणी आलं, पाय उचलले गेले, ती हातांवर पडली. कशीबशी मागे फिरून ती वरच्या कपाशीच्या वावरात धावली. तिथे इंद्रभान पाटील फवारणी करत होता.

"भाऊ, माही पोरगी मधात अडकली!"

इंद्रभानने पाठीवरचा पंप टाकला. काठावर पाण्याची मोटार बांधायचा जाड दोर होता, तो सोडून त्याने फेकला. दोर अपुरा पडला. पुन्हा फेकला, धारेने ओढून नेला. तिसऱ्यांदा स्नेहाच्या हाती लागला.

"कंबरीले बांध! दोन गाठी मार!"

स्नेहाने खडक सोडला आणि ती पाण्याखाली गेली. वर दिसत होता फक्त ताणलेला दोर. भागिरथाबाई ओढत होती, तळहात सोलून निघाले तरी तिला कळलं नाही. पोरगी काठाला लागेपर्यंत तिने दोर सोडला नाही.

काठावर इंद्रभान गाठ सोडायला वाकला, तशी भागिरथाबाई म्हणाली, "नका सोडू भाऊ. अजून नका सोडू."

पाणी उतरल्यावर स्नेहा पुन्हा तिथेच गेली. खडकाखाली हात घालून तिने एक मुरी काढली. "पाह्य माय, सारा पूर वरून गेला, ही इथंच होती."

"तिचं पोट तसं हाय," भागिरथाबाई म्हणाली. "तुहं नाही."

त्यानंतर स्नेहा नदीत उतरायच्या आधी भागिरथाबाई धरणावरच्या चौकीदाराकडे जाऊन विचारून यायची, आज पाणी सोडणार का. तो नाही म्हणायचा. तरी ती काठावर येऊन बसायची आणि पदराचं टोक दातात धरून पाण्याकडे पाहत राहायची. स्नेहाचं काम अजून दोन पावसाळे चालणार होतं.