पुडी क्रमांक चारशे बारा

स्त्री. वय सत्तावन्न. हुद्दा: वरिष्ठ रत्नपरीक्षक. उंची बेताची, नजर तीक्ष्ण, बोलणे कमी. शारीरिक ओळखखूण: नाही. प्रयोगशाळेच्या दफ्तरात बाईंची एवढीच नोंद आहे; आणि दफ्तर खोटं बोलत नाही, असं दफ्तरातच लिहिलेलं आहे.

हाताखालचे लोक त्यांना भिंगबाई म्हणत, अर्थात पाठीमागे. त्यांच्याकडे खडे कागदाच्या पुडीत येत. पुडीवर फक्त आकडा. खडा कुणाचा, हे परीक्षकाने विचारायचं नाही. "मालक कळला की डोळा भिडेला बळी पडतो," असं म्हणून हा नियम बाईंनीच करवून घेतला होता.

त्या दिवशी चारशे बारा नंबरच्या पुडीतून लाल खडा निघाला. थेंबाच्या आकाराचा, टोक किंचित डावीकडे झुकलेलं. पुडीवर लिहिलं होतं, 'माणिक'. माणकात शिरलेला उजेड दुभंगतो. उजेड गाळणाऱ्या दोन काचांमध्ये ते फिरवलं, तर एका फेऱ्यात चारदा उजळतं, चारदा विझतं. हा पठ्ठ्या अख्खा फेरा अंधारातच राहिला. माणिक उजेड किती वाकवतं याचे मापकावर दोन आकडे मिळतात. इथे एकच आला, एक पूर्णांक सातशे अठरा. माणिक पाण्याच्या चौपट जड. हा साडेतीन पटींच्या जरा वर. म्हणजे स्पिनेल, माणकाचा जुना तोतया. त्याला राजेसुद्धा फसले, मग सोनारांचं काय घेऊन बसलात!

सूक्ष्मदर्शकाखाली खड्याच्या पोटात बारीक कणांची तिरपी रांग दिसली, कडेपाशी कापल्यासारखी तुटलेली. बाईंचा हात डाव्या कानाकडे गेला.

तिथेही लाल थेंब होता, टोक उजवीकडे झुकलेलं. आईने एकाच खड्याचे दोन करून घेतले होते. "एकीला एक. कितीही भांडा, जोडी मोडू नका." जोडी मोडली नाही, फक्त लांब गेली. थोरली बहीण आपला खडा घेऊन एकतीस वर्षांपूर्वी घराबाहेर पडली, ती "पोचले की कळवते" म्हणून. अजून पोचलेली दिसत नाही.

अडचण एकच होती. आईने ते माणिक म्हणून दिलं होतं, आणि आईच्या शब्दाला यंत्र लावायचं नसतं, म्हणून जगाचे खडे तपासणाऱ्या बाईंनी कानातला कधी तपासलाच नव्हता. काखेत कळसा, तो असा. आता कानातला माणिक निघाला, तर पुडीतला ताईचा नव्हे. नोकरीत पहिल्यांदाच, खडा खोटा निघावा अशी आशा धरून त्यांनी तो कानातून काढला आणि काचांमध्ये ठेवला.

अख्खा फेरा अंधार. सातशे अठरा. आणि पुडीतल्या खड्यात कणांची रांग जिथे तुटली होती, तिथूनच इथली सुरू होत होती.

बाई नोंदणी कारकुनापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"चारशे बारा कुणाचा?"

"बाई, ताप आहे का तुम्हाला?"

"विचारलं तेवढं सांग."

"मी एकदा असंच विचारलं होतं, तर तुम्ही मला पंधरा दिवस पुड्या दुमडायला बसवलंत."

"चुकलं माझं. सांग आता."

बाईंच्या तोंडून 'चुकलं' ऐकून कारकुनाने निमूटपणे वही उघडली. "ठोक व्यापारी आहे. मोडीतले खडे. सोनं वितळवून मागे उरलेले, कुठून कुठून गोळा केलेले."

"फोन लाव."

त्याने लावला. बराच वेळ नुसतं "हं, हं" केलं आणि ठेवला. "कुठला कुणाकडून आला, त्यालाही ठाऊक नाही. म्हणाला, हवा असेल तर विकत घ्या."

तपासलेला खडा परीक्षकाने विकत घ्यायचा नाही, हाही नियम बाईंचाच.

त्यांनी अहवाल लिहिला. खडा: स्पिनेल, नैसर्गिक. उगम: सांगता येत नाही. सही करताना पेन थोडं थांबलं, मग चाललं. पुडी दुमडून परत गेली.

बाईंनी कानातलं पुन्हा घातलं. डाव्याच कानात. उजव्या कानाचं भोक केव्हाच बुजलं आहे.