जाहिराती कापल्या आणि धवला लांबला

इथे लोक पिंपळावरच्या मुंजाचे किस्से टाकतात. मी ते आवडीने वाचतो आणि हसतो. कारण माझं स्वतःचं नाव मुंजाजी आहे. आमच्या परभणीकडं, जिंतूरच्या बाजूला, मुंजा म्हणजे देव. लेकरू जगावं म्हणून त्याला नवस बोलतात आणि जगलं की नाव मुंजाजी ठेवतात. आमच्या वर्गातच मुंजाजी नावाची पोरं कितीतरी होती. तेव्हा भूतबीत... माझा कधी विश्वास नव्हता. आजही नाही. तरीपण खाली लिहिलंय ते घडलंय. पटलं नाही तर सोडून द्या. फक्त "एआयने बनवलं असेल" अशी कमेंट ठोकण्याआधी शेवटपर्यंत वाचा, एवढंच मागणं.

शाळा माझी नववीतच सुटली, त्यामुळे लिहिण्यात चुका असतील, सांभाळून घ्या. मी नवी मुंबईत, महापेला एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. राहतो घणसोली गावात — सेक्टरवाली घणसोली नाही, जुनं गाव — यमुनाकाकींच्या घरात, वरच्या खोलीत. कामावर पहिल्याच दिवशी सुपरवायझर म्हणाला, "मुंजाजी? नाइट शिफ्टला पोरं घाबरतील रे. तू मनोज." तेव्हापासून मी मनोज. काकींनाही तेच सांगितलं, आणि प्राचीला, म्हणजे काकींच्या एकुलत्या एक मुलीलाही. खरं नाव फक्त आधार कार्डावर राहिलं.

काकींचे माझ्यावर उपकार आहेत. मला कावीळ झाली तेव्हा गावाकडून कुणी येण्यासारखं नव्हतं. या बाईने मला वरून खाली आणून आपल्या हॉलमध्ये झोपवलं, पथ्याचं करून घातलं. "तुझी आय तिकडं, तवा मीच बगनार ना," एवढंच बोलल्या. मला सारखी धास्ती असते की आपलं काही चुकेल आणि हे घर सुटेल. हे आधीच सांगतो, कारण पुढचं त्यावरच आहे.

प्राचीचं लग्न ठरलं. इथल्या आगरी लग्नात धवला गातात. हे लग्नाचं गाणं म्हणणारी बाई ती धवलारीण. ती एकेक ओळ म्हणते, बाकीच्या बायका ती झेलतात, म्हणजे मागून तशीच म्हणतात, आणि गाण्यातच देवाला, मामाला, भावाला मान देत त्यांची नावं घेतात. काकींच्या सासूबाई, गोमाआजी, गावातल्या नावाजलेल्या धवलारीण होत्या. एका चॅनेलने अंगणात येऊन त्यांचं शूटिंग केलं होतं. तो कार्यक्रम लागला तेव्हा काकींच्या मिस्टरांनी डिशच्या बॉक्सला पेनड्राइव्ह लावून एचडीमध्ये रेकॉर्ड करून ठेवला. नंतर आजी गेल्या, मागोमाग काकाही गेले. मी या घरात आलो ते त्याच्याही नंतर. काका रेकॉर्डिंग करत होते तेव्हा मी जिंतूरला होतो आणि घणसोली कुठंय हेही मला ठाऊक नव्हतं.

आता बॉक्स जळलेला. ती .ts फाईल नव्या टीव्हीवर चालेना, मोबाईलवर अडकत अडकत चाले. माझ्याकडे जुना असेंबल केलेला कॉम्प्युटर आहे. मोबाईलवर बघून बघून मी थोडं एडिटिंग शिकलोय, सुट्टीला लग्नाचे व्हिडिओ कापून देतो. काकी म्हणाल्या, "मनोज, तेवढा सरल करून दे रं. प्राचीच्या लग्नान धवला मीच बोलनार. सासूचा ऐकून ऐकून पाठ करतंय."

एक अडचण मात्र होती. धवल्याच्या ऐन मध्ये चॅनेलने ब्रेक घेतला होता. मामाचा मान संपला की जाहिराती, आणि जाहिराती संपल्या की आजी पुढच्याच कडव्यावर. मधला भावाचा मान गायबच. काकींना तो आठवत नव्हता, आणि आजींच्या जोडीला बसणाऱ्या बायकाही आता नाहीत. "गेला तो गेला," काकी म्हणाल्या. "तसा पन प्राचीला भाऊस कुटं हाय?" हा 'भाऊस' मला 'पाऊस' ऐकू आला. पाऊस नाही, यंदा लवकर संपला, म्हणून मी मान हलवली.

रविवारी नाष्टा करून बसलो. खिडकीतून ऊन आत, खाली सुकटीचा वास, शेजारी कुणाचं तरी टाइल्स कापायचं मशीन चालू. म्हणजे भुताटकीला लागतं तसं काहीच नव्हतं बघा. टीव्हीच्या रेकॉर्डिंगमध्ये कुणी हललं की त्याच्या कडेला फणीसारखे दाते येतात, ते फिल्टर लावून घालवले. जाहिराती काढल्या — एक रंगाची, एक चहाची, बाकी त्याच त्या — आणि दोन टोकं जोडून एक्सपोर्टला टाकलं, म्हणजे त्याची नवी फाईल बनवायला लावली.

तयार झालेली फाईल बघतो तर ती टाइमलाइनवर मी जोडलेल्या तुकड्यांपेक्षा लांब.

कापलेली वस्तू वाढत नाही हो! मला वाटलं, एखादी जाहिरात राहिली. लावून बघितलं. मामाचा मान संपला... आणि ब्रेक नाही, जोडही नाही. गोमाआजी तशाच बसलेल्या, तेच हिरवं लुगडं, मागे तीच तुळस, आणि गातायत.

"नवरीचा भाऊस कोन गो, कोन?
मुंजाजी त्याचा नाव."

शेजारच्या बायकांनी ओळ झेलली. मुंजाजी त्याचा नाव. मग जुना भाग सुरू झाला. आणखी एक — कोपऱ्यात चॅनेलचा लोगो सबंध कार्यक्रमभर आहे. या तेवढ्या तुकड्यात तो नाही.

घाबरलो नाही असं मी म्हणणार नाही. मूळ फाईल उघडली : तिथे जाहिराती. टाइमलाइन बघितली : तिथे माझा कट. परत एक्सपोर्ट केलं तर फाईल आली बरोबर तेवढीच, आखूड, भावाचा मान नसलेली. पहिली पुन्हा लावली, तर त्यात आजी गातायत.

आखूड फाईल देऊन गप्प बसता आलं असतं. मनात आलंही. पण काकींना जे हवं होतं तेच या लांब फाईलमध्ये होतं. तीच घेऊन खाली गेलो.

खाली काकींचे थोरले दीर दामोदरकाका आणि त्यांच्या मिसेस, थोरल्या काकी, आल्या होत्या. पत्रिकेवर कुणाकुणाची नावं घालायची ते चाललं होतं. टीव्हीला पेनड्राइव्ह लावला. सासूबाई दिसल्या तशी काकींनी हात जोडले. भावाचा मान आला आणि त्या ओरडल्याच, "ह्याच! ह्याच त्या ओली!"

दामोदरकाका उठून उभे. "बंद कर! लग्नाच्या घरान मुंजा बोलवते ही म्हातारी? डिलीट मार पयला!"

"अवो, नीट आयका तरी," थोरल्या काकी म्हणाल्या. "मुंजाजी बोलते ती. कुनाचा तरी नाव हाय."

"आपले भावकीन कोन हाय मुंजाजी?"

मी म्हणालो, "मी आहे."

प्राची हसली. "मनोजदादा, काय पण!" मी आधार कार्ड काढून तिच्या हातात दिलं. तिने ते सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं.

"म्हंजे नावपन डुप्लिकेट नि व्हिडिओपन डुप्लिकेट," दामोदरकाका म्हणाले. "हल्ली त्या एआयवर मेलेली मानसं भाषनं देतात. यानं आमचे आयला गायाला लावली. माझे नितेशचा मान याला पायजे!" नितेश त्यांचा मुलगा. लग्नात भाऊ म्हणून नवऱ्या मुलाचा कान पिळायला तोच उभा राहणार होता.

"काका, भाऊस म्हणजे भाऊ हे मला आजच कळलं. मी पाऊस समजत होतो. मी काय गाणं बनवणार तुमच्या बोलीत?"

"सोंगं नको करू. डिलीट कर, नायतर खोली खाली कर."

वाचकहो, याच वाक्याची मला इतकी वर्षं भीती होती. सुपरवायझरने नाव बदललं तेव्हा मी गप्प बसलो होतो. या वेळी काय झालं माहीत नाही. म्हणालो, "खोली आजच्या आज खाली करतो. फाईल डिलीट करणार नाही. आजींनी घेतलेलं नाव मी का म्हणून पुसू?"

काकी इतका वेळ टीव्हीकडेच बघत होत्या. "परत लाव," त्या म्हणाल्या. परत लावलं. मग दिराकडे न बघता बोलल्या, "भावोजी, खोली माझी हाय. सासूपन माझी व्हती. तिचे मागं बसून ओली झेलल्यात मी. नाव घेयाच्या आधी ती तोंडातला पान गालान सरकवते. बगा, सरकवलान. ह्ये कुटला मशीन करील?"

"मग लग्नान हाच नाव घेशील तू?"

"हाच घेईन."

"तर मी मांडवान पाय ठेवनार नाय."

लग्नापर्यंत काकींना दोनदा म्हणालो, माझं नाव वगळा, भावकीत फूट नको. दुसऱ्या वेळी त्यांनी हातातला झारा उगारला. "मनोज सांगितलास तवा मी काय बोल्ली? आता मुंजाजी तर मुंजाजी. जा, बटाटे घेऊन ये."

लग्नाच्या दिवशी दामोदरकाका आले. मांडवात नाही, बाहेर रस्त्यावर खुर्ची टाकून, मांडवाकडे पाठ करून बसले. आत काकींनी धवला धरला. आवाज आधी कापत होता, मग लागला. देवाचा मान झाला, मामाचा झाला.

"नवरीचा भाऊस कोन गो, कोन?" बायकांनी झेललं.

"मुंजाजी त्याचा नाव."

कुणीच झेललं नाही. सगळ्यांच्या माना थोरल्या काकींकडे, कारण त्यांच्या मुलाचा मान जात होता. मी मागे पाण्याच्या ड्रमपाशी उभा होतो. वाटलं, निघून जावं, बसस्टॉप जवळच आहे... पण पाय हलू दिला नाही. जायचं कशाला? मी काही चोरलं नव्हतं.

थोरल्या काकींनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि मोठ्याने ओळ उचलली — मुंजाजी त्याचा नाव. मग सगळ्याच बायकांनी.

नितेशने मला दंडाला धरून पुढे ढकललं. "जा रे मुंजाजी, कान पीळ भावोजींचा. माझ्याकडनंपन एक पीळ, जरा जोरात."

दामोदरकाका आजही माझ्याशी बोलत नाहीत. गावातही निम्मे लोक म्हणतात, भाडोत्र्याने चलाखी केली. एडिटिंगवाल्या एका मित्राने सांगितलं की सिग्नलमध्ये चॅनेलचं न दाखवलेलं शूटिंगही आलं असेल. असेल. मग मूळ फाईलमध्ये ते का नाही? दुसऱ्या एक्सपोर्टला का नाही आलं? आणि तेव्हा जिंतूरला असलेल्या पोराचं नाव आजींना कुणी सांगितलं? तो म्हणाला, "ते सोड यार." ज्याला सोडायचं त्याने सोडावं.

लग्नानंतरच्या पहिल्या भाऊबीजेला मी प्राचीच्या सासरी उरणला गेलो. तिच्या सासूने विचारलं, "सख्खा का गो?" प्राची ताट ठेवत म्हणाली, "आजीनं सांगितलेला."

हे कसं झालं, मला माहीत नाही. आजींना मी भूत म्हणणार नाही आणि स्वतःला खोटारडा म्हणवून घेणार नाही. याच्या मधलं तिसरं काय असतं ते तुमच्यापैकी कुणाला माहीत असेल तर लिहा, मी वाचेन. पण उत्तर सापडलं नाही म्हणून मिळालेलं नातं मी परत करणार नाही.