तीन बायांची तिजोरी

ये वैशाली, जवळ बस. कागदावरच बस, कारण खरी बसली कुठं तू? आई गेली, तिच्या पुण्यानुमोदनाला आली अन् जेवणं आटोपायच्या आत चंद्रपूरची एसटी धरली. असं करतात काय? महिना होत आला, शेजारच्या या मावशीला एक फोन नाई. जाऊ दे... तुझ्या आईबद्दल, माझ्या सुलोचनाबद्दल तुला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं, म्हणून पेपरातून सांगते. चार लोक वाचतील, तेही बरंच.

ऐंशी-पंच्याऐंशीच्या मधातली गोष्ट, तू अगदी लहान होतीस. उन्हाळा लागला की आरमोरीतली आमची वस्ती पहाटेच रिकामी व्हायची. सगळ्या बाया तेंदूपानं तोडायला जंगलात. घरांची दारं कुडाची. त्या साली एका घरातले दागिने गेले. तुझी आई बालवाडी चालवायची. तिनं चंद्रपूरच्या एका लाकूड ठेकेदाराची जुनी तिजोरी विकत घेतली, ट्रकवर घालून आणली अन् घरोघरी सांगितलं, "दागिने माझ्याकडं ठेवा." तिजोरीला किल्ली नव्हती, आकड्यांची चकती होती. ठेकेदाराच्या मुनशीनं तीन आकडे सांगून एकदा उघडून दाखवली होती, तेवढंच.

माझ्या सासूबाईंनी नाक मुरडलं. "बौद्धाच्या घरी सोनं ठेवू काय आता?" पण नणंदेचं लग्न तोंडावर होतं. शेवटी स्वतःच गाठोडं नेऊन दिलं.

तिनं ते आत ठेवून पहिल्यांदाच दार लावलं, अन् लग्नासाठी काढायला गेलो तर तिजोरी उघडेना.

मुनशी पानांच्या खरेदीला जंगलात गेलेला, कुठल्या गावाला ते कोणी सांगेना. सासूबाई तुमच्या अंगणात उभ्या राहून ओरडल्या, "म्या म्हनलं नव्हतं? गेलं सोनं!" कोणी म्हणालं, गॅसवाला आणा, कापून काढू. तुझी आई दारातच उभी राहिली. "फोडली त लगन होऊन जाईल, बाई. पन पुढच्या साली माह्या दारात कोन येईल?"

मग खाली बसली चकतीसमोर, अन् मी तिच्या बाजूला. आकडे बरोबर होते, चुकत होता तो हात. आम्ही दोघी जातं फिरवल्यासारखी चकती एकाच बाजूनं फिरवून राह्यलो होतो. लहानपणापासून ऐकलेलं, जातं उलटं फिरवू नये. तिनं डोळे मिटले, मुनशीचा हात आठवत हवेत बोटं फिरवली अन् एकदम हसली. "अवं, त्यानं मधात मनगट उलटं नेलं होतं!"

मी म्हटलं, "उलटं नको वं, घरात लगन आहे."

"लगन तुह्या घरात आहे ना? चकती माह्या घरात आहे!"

तरी लगेच उघडली नाई. दुसऱ्या आकड्याला एकदा भेटून पुढं जायचं अन् पुन्हा आल्यावर थांबायचं, हे तिनं चुकत चुकत काढलं. एक रेघ ओलांडली की परत पहिल्यापासून. कंटाळा नाई, चिडचिड नाई... उन्हं कलली तेव्हा दांडा खाली गेला. पण आत हात घातला नाई तिनं. म्हणाली, "सासूबाईले बोलाव. गाठोडं त्याईनंच काढावं."

सासूबाईंनी गाठोडं मांडीवर घेतलं, सोडून पाहिलंही नाई. तिथंच बसल्या अन् म्हणाल्या, "सुलोचना, चाय ठेव वं." त्या घरचा त्यांचा पहिला चहा.

पुढं चंद्रपूरला जाऊन ती मुनशीकडून आकडे बदलायची तऱ्हा शिकून आली. एक आकडा सासूबाईंनी लावायचा, एक मी, एक तिनं. एकीनं चकती फिरवली की बाकीच्या दोघींनी भिंतीकडं तोंड करायचं. मला हसू यायचं, तर सासूबाई दटावायच्या, "पाहू नको!" ज्या बाईवर संशय घेतला, तिचाच नियम त्या पाळून राह्यल्या होत्या. तिजोरी तिच्या घरात, पण तिच्या एकटीच्या हातात नाई. अशी बाई मी दुसरी पाहिली नाई.

सासूबाई गेल्या तेव्हा आपला आकडा माझ्या कानात सांगून गेल्या. तुझ्या आईचा मी कधी विचारला नाई. "पोरीले सांगितला आहे," एवढंच ती म्हणाली होती. आता तिजोरी बंद आहे. आत काय आहे, काही आहे की नाई, मला ठाऊक नाई. परवा तुमचं घर विकत घ्यायचं म्हणून पाहायला आलेला माणूस म्हणाला, गॅसनं कापून भंगारात घालू. मी हात लावू दिला नाई.

ये लवकर, अन् राहायला ये. तू चकती फिरवशील तेव्हा मी भिंतीकडं तोंड करून उभी राहीन.